नातीची गूळतुला

साल १९९९. दाखल्यावर माझं वय त्रेसष्ट होतं. आई सांगायची त्याप्रमाणं पासष्ट. शाळा तिसरीपर्यंत. पण वजन मला कुणी शिकवू नये. मेंढराच्या पाठीवर हात ठेवला की ते काट्यावर किती भरेल हे मी आधी सांगतो, आणि किलोभराच्या वर चुकल्याचं मला तरी आठवत नाही.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पोरांच्या वजनावर बोलणारी माणसं हल्ली फार झालीत. शिरूरच्या स्टँडवर दोन बायका शेजारी बसल्या तरी एकीचं पोर वाळलेलं असतं, दुसरीचं फुगलेलं, आणि दोघी मिळून दोष टीव्हीला देतात. टीव्हीनं कुणाच्या तोंडात घास घातलेला मी पाहिला नाही. घास घालतात ती आईबापं, नाहीतर माझ्यासारखी म्हातारी माणसं. तेवढं मात्र कुणी कबूल करत नाही. मीही बरीच वर्षं केलं नाही.

आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. माझ्या बापानं पावसाळ्याचे चार महिने सोडले तर कधी घर पाहिलं नाही. मी न्हावऱ्याच्या पुढं जमीन धरून बूड टेकलं, कालव्याचं पाणी आलं, तरी वीसेक मेंढरं राखून होतो. सवय जात नाही. बापाच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, पोरं शेवटी जेवायची आणि पुढ्यात येईल ते संपवायची. ताटात उरवणारं पोर मी लहानपणी पाहिलंच नाही, कारण उरावं इतकं ताटात कधी पडायचंच नाही. पुढं माझ्याकडं बरं चाललं, ताटं भरली, पण कायदा मी बापाचाच चालवला. टाकायचं नाही. थोरला मुलगा चौथीत असताना त्यानं दुध्याची भाजी बाजूला सारली, म्हणून मी त्याला सकाळच्या ताटापुढं उन्हं कलेपर्यंत बसवून ठेवला होता. शेवटी त्यानं ती गार, माश्या बसलेली भाजी गिळली. मला त्याचा अभिमान वाटला. त्याचा की माझा, हे तेव्हा तपासलं नाही.

तोच थोरला पुढं दौंडला रेल्वेत लागला. क्वार्टर मिळालं. नळाला पाणी, भिंतीला रंग आणि दारावर नंबर. नंबराच्या दारात राहायला गेलेला माणूस बापाचं ऐकायचं सोडतो असं माझं मत आहे, पण जेवणाच्या बाबतीत यानं माझं तंतोतंत ऐकलं. बायकोच्या ताटातलं, पोरीच्या ताटातलं, पातेल्याच्या बुडाचं, सगळं संपवल्याशिवाय गडी उठायचा नाही. ड्यूटीवरून येऊन तो जेवत नव्हता, भांडी घासायच्या आधी निपटून देत होता. तिशीत पोट पट्ट्याच्या बाहेर आलं. मी दौंडला गेलो की त्याच्याकडं बघून म्हणायचो, रेल्वेला डबे कमी पडले म्हणून तुला जोडलाय का रे? सगळे हसायचे. तो हसायचा नाही, तो तेव्हा काहीतरी खात असायचा.

त्याची पहिली मुलगी सातव्या महिन्यातच झाली. मी पोचलो तेव्हा ती काचेच्या पेटीत होती. कोकरू एवढं हलकं निपजलं तर आम्ही त्याच्यावर आशा धरत नाही, आईला दुसरं कोकरू लावतो. तिथं कुणाला काय लावणार? मी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा राहून आमच्या देवाला बोललो: पोर जगू दे, सातवं वर्ष लागलं की जत्रेत गुळानं तुला करीन. पोरीच्या वजनाइतका गूळ गावात वाटीन. पोर जगली. सून म्हणायची डॉक्टरनं जगवली, मी म्हणायचो देवानं. पोरीच्या आईनं, म्हणजे सुनेनंच, रात्रंदिवस चमच्यानं दूध पाजून जगवली, हे आम्हा दोघांपैकी कुणीच म्हणायचं नाही; सून लाजेनं, आणि मी का ते आता सांगायला नको.

आता माझ्या चुलत भावाबद्दल. त्यानं सणसवाडीला कंपन्यांच्या मागं खोल्या बांधल्या आणि परप्रांतातल्या कामगारांना भाड्यानं दिल्या. एका खोलीत आठ-आठ माणसं. त्यानंतर त्या घरात सगळंच फुगत गेलं. घर फुगलं, म्हशी फुगल्या, आवाज फुगला आणि नातूही फुगला. त्याच १९९९च्या चैत्रात त्यानं जत्रेत नातवाची गूळतुला केली. नवस वगैरे काही नव्हता, नुसता दिमाख. दहा किलोची एक, अशा अडीच ढेपा लागल्या. सात वर्षांचं पोर पारड्यात मांडी घालून बसलं होतं, आणि त्याची मांडी पारड्याच्या कडेवरून बाहेर लोंबत होती. हलगी वाजत होती. मी शेजारी उभा होतो. चुलत भावानं माझ्याकडं वळून चारचौघांत विचारलं, "आप्पा, तुझ्या नातीचा नवस कवा फेडतुस? गुऱ्हाळावर कशाला जातुस आन्, खिशात दोन खडे ठिव. भागंल."

लोक हसले. मीही हसलो. हसताना माझे दात दिसले असतील, पण आत मी त्या क्षणाला एक गोष्ट पक्की केली. पुढच्या चैत्रात नातीला अडीच ढेपांच्या वर नेईन. पोरगी असली तरी. सातव्या महिन्याची असली तरी.

देव कधी कधी नको त्या माणसाला मदत करतो. जूनमध्ये सुनेला दुसऱ्या खेपेचा सहावा महिना चालू होता आणि डॉक्टरनं तिला हालायचं नाही म्हणून सांगितलं. मुलाच्या ड्यूटीचा नेम नाही. मग नातीला वर्षभर आमच्याकडं ठेवायचं ठरलं. गावच्या शाळेत पहिलीत नाव घालायचं. चौफुल्यावरून आलेल्या एस.टी.तून ती उतरली, मी तिला कडेवर उचललं आणि माझा हात आपोआप तिच्या पाठीवर गेला. दीड ढेपसुद्धा नव्हती. बारीक हाडाची, चपळ. घरी पोचायच्या आधी ती माझ्या हातातून दोनदा निसटून पुढं पळाली.

मला एकच गोष्ट नीट येत होती, ती मी केली.

ईदच्या बाजाराला एडका तयार करायचा तर त्याची रीत असते. त्याला भूक लागू द्यायची नाही. भुकेला एडका ओरडतो, आणि ओरडण्यात अंग जातं. थोडं थोडं पण सारखं पुढ्यात टाकायचं, एक चव दोन दिवस ठेवायची नाही. रानात पळवायचा नाही, सावलीला बांधायचा. आणि एकटा बांधायचा नाही, कारण शेजारचं जनावर चघळत असलं की हाही चघळत राहतो. दोन-अडीच महिन्यांत पाठीची हाडं बोटांना लागेनाशी होतात. मी असे किती एडके बाजारात उभे केले असतील. लोक लांबून ओळखायचे, हा आप्पाचा.

पोरीला उठल्या उठल्या साय घातलेलं दूध, त्यात गुळाचा खडा. शाळेच्या आधी दुधात कुस्करलेली भाकरी, वर तूप. मधल्या सुट्टीत मी सायकलवर शेंगदाण्याचे लाडू घेऊन शाळेच्या कुंपणाशी हजर. परत आली की दशमी, दिवेलागणीला पिठलं-भात, आणि झोपताना पुन्हा दूध. शाळा हाकेच्या अंतरावर, तरी मी तिला कॅरिअरवर बसवून न्यायचो आणून सोडायचो. मास्तरांना सांगून ठेवलं, हिला कवायतीला उभी करू नका, नवसाची पोर आहे. मास्तर म्हणाले, बरं आप्पा. मास्तर लोक म्हाताऱ्याला बरं म्हणतात आणि आपल्या रजिस्टरात तोंड घालतात.

सुरुवातीला ती ऐकायची नाही. दोन घास खाल्ले की ताट ढकलायची, "बास" म्हणायची आणि उड्या मारत बाहेर. असलं बास आमच्या घरात कुणी कधी म्हटलं नव्हतं. थोरल्याला मी धाकानं वळवला होता. पण म्हातारपणी अक्कल वाढते, म्हणून हिला गोडीनं वळवलं. शेजारी बसून मी स्वतः जेवायचो, तिचा घास की माझा घास. देव तुझ्याकडं बघतोय म्हणायचो. ताट पुसलंस की देव खूश, टाकलंस की देवाला राग. तुझा जीव देवाला कबूल केलेला आहे, तो भरायला नको का? सहा वर्षांच्या पोरीला मी हे सांगितलं. आज लिहिताना हात अडखळतो, तेव्हा जीभ अडखळली नाही.

माझंही पोट सुटलं, हे सांगायचं राहिलं. एडक्यामागं दुसरा एडका बांधला की तोही अंग धरणारच. श्रावणात माझ्या बंडीची बटणं लागेनात. माझी मंडळी, म्हणजे माझी बायको, जी चाळीस वर्षांत माझ्यापुढं मोठ्यानं बोलली नव्हती, ती एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, गूळतुला नक्की पोरीची हाय का तुमची?" मी म्हटलं, तुला काय कळतंय? ती म्हणाली, मला भाकरी मोजता येत्यात तेवढं कळतंय. आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

दिवाळीपर्यंत पोरीच्या तोंडातलं 'बास' गेलं. ताट ठेवलं की ती निमूट सुरू करायची, मी वाढेन तोवर खायची, मी थांबलो की थांबायची. मला वाटलं, जिंकलो.

दिवाळीला मुलगा आणि सून दोन महिन्यांचं बाळ घेऊन आली. बाळ चांगलं पूर्ण दिवसांचं होतं. सुनेनं अंगणात पोरीला पाहिलं आणि हातातली पिशवी खाली ठेवायची विसरली. घरात आल्यावर नवा फ्रॉक काढला, पोरीच्या डोक्यातून घातला, तो काखेत अडकला. दौंडच्या दुकानात अंदाजानं घेतलेला. ती म्हणाली, मामा, फ्रॉक बसंना हो. मी म्हटलं, कापडं उसवून मोठी करायची असतात, पोर आवळून बारीक करायची नसते. पोरगी हात वर करून दोघांच्या मध्ये उभी होती, फ्रॉक गळ्याशी अडकलेला, तोंड आत.

सून गप्प बसणारी बाई, पण त्या दिवशी बसली नाही. म्हणाली, दवाखान्यात पोरांच्या उंचीप्रमाणं वजनाचा तक्ता लावलेला असतो, ही त्यात बसणार नाही. तीन पायऱ्या चढली तर धापा टाकते. मी तिला चांगलं सुनावलं. तक्ता लावणाऱ्या माणसानं आयुष्यात कधी पोर उचलून पाहिलंय का? ज्याला हातानं तोलता येत नाही तो भिंतीवर तक्ते लावतो. आणि तुम्ही क्वार्टरवाल्यांनी काय दिवे लावले? पोर रडलं की बिस्किटाचा पुडा, पोर गप्प बसलं की बक्षीस म्हणून पुडा. माझ्याकडं निदान घरचं खाते. हे बोलणं अगदीच खोटं नव्हतं. सुनेच्या घरातही पुडेच बोलायचे. पण तिचा पुडा पोरीचं रडणं झाकायला होता आणि माझा लाडू गावाला दाखवायला, एवढा फरक मला कळला नाही.

तिनं शेवटी एवढंच म्हटलं, "माझं चुकत आसंल मामा. पर माझ्यापाशी ती नको म्हणायची. आता म्हणत न्हाई."

मी मुलाकडं बघितलं. बाप म्हणून काही बोलेल अशी अपेक्षा. तो भिंतीला टेकून चकल्या खात होता. डबा मांडीवर घेऊन, एकसारखा, तळ दिसेपर्यंत. सुनेला पोरीला न्यायचं होतं. मी म्हटलं, शाळा मध्येच मोडायची नाही आणि नवसही. जत्रा झाली की न्या. त्यांची एस.टी. गेली तेव्हा नात हात हलवत उभी होती आणि दुसऱ्या हातात करंजी होती, मी दिलेली.

माघ-फाल्गुनात मी रोज तोलायला लागलो. काखेत हात घालून उचलायचो, खाली ठेवायचो, मग कमरेच्या वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठा दाबायचो. हाड लागतं का बघायला. बाजारात गिऱ्हाईक एडक्याला असंच बघतं. पहिल्यांदा, जूनमध्ये, मी असं केलं होतं तेव्हा ती गुदगुल्या होऊन खिदळत पळाली होती. आता ती उभी राहायची. मी हात लावायच्या आधी आपणहून माझ्याकडं पाठ करायची, पाय फाकवून, मान खाली घालून. हात लावून घ्यायची सवय झालेला एडका जसा उभा राहतो तशीच. ते मला दिसलं. दिसल्यावर मी काय केलं? बोटानं अंदाज घेतला, अजून एक किलो कमी आहे म्हटलं, आणि मंडळीला तूप वाढवायला सांगितलं.

जत्रेच्या आधी मी केडगावच्या बाजूच्या गुऱ्हाळावर जाऊन तीन ढेपा आणल्या. पिवळ्याधमक, एकाच आधणातल्या, निवडून. नातीची तुला म्हटल्यावर गुळव्यानं विचारलं, पोरगी लग्नाची हाय का? मी म्हटलं, पहिलीतली. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि ढेपा बारदानात बांधल्या.

जत्रेला मुलगा, सून, बाळ सगळी आली. कांद्याच्या वखारीतला मोठा तराजू आणून देवळापुढं तीन बांबूंच्या तिकाटण्याला टांगला होता. नातीला परकर-पोलकं घातलं होतं, तेही माझ्या अंदाजानं शिवलेलं, म्हणून नीट बसलं. भंडारा लावला, पारड्यात बसवली. पारडं जमिनीला टेकलं. समोरच्या पारड्यात पहिली ढेप ठेवली, दोरी हललीसुद्धा नाही. दुसरी ठेवली, जरा ताण आला. लोक पुढं सरकले. अर्धी ठेवली; गेल्या वर्षी इथंच चुलत भावाचा नातू वर उचलला गेला होता. पोरीचं पारडं खालीच. मी चुलत भावाकडं बघितलं. मग अर्धी काढून तिसरी अख्खी ठेवली, तेव्हा कुठं गूळ सावकाश खाली आला आणि पोरगी वर उचलली गेली. हलगी कडाडली. भंडारा उधळला गेला. सगळे पिवळे झाले.

चुलत भाऊ हरलेला माणूस होता, आणि हरलेल्या माणसाला जे करता येतं तेच त्यानं केलं. तो मोठ्यानं म्हणाला, "आप्पा, नात तोललीस का बाजारचा एडका?"

सगळी जत्रा हसली. मला झोंबलं, पण झोंबल्याचं दाखवणाऱ्यांतला मी नव्हे, मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. वर पारड्यात बसलेली नात माझ्याकडं बघत होती. मी हसतोय म्हणून तीही हसली. सून मात्र बाळाला खांद्यावर घेऊन मागं वळली आणि देवळाच्या पायरीवर जाऊन बसली.

गूळ फोडला. नवस जिचा तिला पहिला खडा, अशी रीत. मी चांगला मुठीएवढा खडा तिच्या हातात दिला आणि वाटायला वळलो. शे-दीडशे हात पुढं आलेले. बऱ्याच वेळानं बघतो तर ती तशीच पायरीवर आईशेजारी उभी, खडा मुठीत, उन्हानं पाघळून बोटांच्या फटीतून ओघळ आलेले. मी गेलो. खा की म्हटलं. तिनं लगेच तोंडाजवळ नेला. मग थांबली. माझ्या तोंडाकडं बघत एकदम साध्या आवाजात म्हणाली, "आबा, मला भूक लागलीय का?"

ती चिडून बोलली नव्हती, लाडानंही नाही. शाळेत एखादं अक्षर अडलं की मास्तरांना विचारतात तसं विचारत होती. तिला खरंच माहीत नव्हतं. मला माहीत असेल असं तिला वाटत होतं.

मी आयुष्यात कुणाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं बाकी ठेवलेलं नाही. सरपंचाला नाही, तलाठ्याला नाही. त्या वेळी मी गुळाचे हात धोतराला पुसत राहिलो. सून खाली बघत होती. तिनं मला काहीही ऐकवलं नाही. ऐकवायला पाहिजे होतं. मला भांडता आलं असतं. तिनं पदरानं पोरीची बोटं एकेक करून पुसली.

दिवेलागणीला पंगत बसली. घरचीच, आम्ही चौघं आणि वाढायला मंडळी. पुरणाच्या पोळ्या होत्या. नात नेहमीप्रमाणं माझ्या शेजारी. मी ठरवलं, आज बोलायचंच नाही, बघू काय करते ते. तिनं एक पोळी खाल्ली. मंडळीनं दुसरी वाढली. तिनं अर्धी खाल्ली आणि पुढचा घास मोडून हातात धरला, आणि हात तिथंच राहिला. ताट आणि तोंड यांच्या मध्ये. ती माझ्याकडं बघत होती. मी समोर बघत होतो. आमटीत बुडवलेल्या घासाचा ओघळ तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत आला. घास खाली ठेवायचं तिच्यात बळ नव्हतं आणि तोंडात घालायला हुकूम नव्हता.

तेवढ्यात पलीकडून मुलगा म्हणाला, संपव बाळा, ताटात टाकायचं नसतं.

आवाज माझाच. शब्द माझे, ठसका माझा, शेवटी जरा दमात घ्यायची लकबही माझी. आणि हे तो आपली चौथी पोळी मोडत बोलला, तिच्याकडं न बघता. माझं डोकं फिरलं. मी त्याला चढ्या आवाजात म्हणालो, तू गप बस, तुझं तुला तरी कळतं का कधी थांबायचं?

त्यानं हातातला तुकडा ताटात ठेवला. मी त्याला ताटात तुकडा ठेवताना पहिल्यांदा बघत होतो.

"कळू कवा दिलं, आप्पा?" तो म्हणाला.

भांडायच्या सुरात नव्हे. मग त्याचंच त्याला अवघडल्यासारखं झालं असावं, त्यानं तुकडा पुन्हा उचलला आणि खाल्ला. त्या माणसाला तेवढंच येत होतं. मला त्याची चीड आली, मग चीड येण्याचीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मला पुन्हा चीड येते, असा माझा स्वभाव. मी म्हटलं, पोळ्या चांगल्या झाल्यात. पोरीचा हात अजून तसाच होता. शेवटी सुनेनं वाकून तिच्या हातातला घास काढून घेतला आणि ताट उचललं. पोरगी आईकडं अशी बघत राहिली की जणू तिच्या अंगावरचं ओझं कुणीतरी न विचारता उतरवलं, आणि आता मार बसणार का बक्षीस मिळणार हे तिला कळेना.

चूक झाली असं म्हणायची मला सवय नाही. तेव्हा म्हटलं नाही आणि आजही तोंडानं म्हणत नाही. लिहितो आहे ते पुरे. पोरांना शिकवलं पाहिजे म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझ्यासारख्याला कुणी शिकवायला पाहिजे होतं, पण मी शिकणाऱ्यांतला नव्हतो, आणि घरातल्या तीन माणसांनी त्याची शिक्षा आपापल्या अंगावर वागवली. मुलाचं पोट कधी आत गेलं नाही. नातीला तिच्या आईनं दौंडला नेल्यावर 'नको' म्हणायला पुन्हा शिकवलं, त्याला दोन-तीन वर्षं लागली असं मंडळीकडून कानावर आलं. मी विचारलं नव्हतं.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी त्यांची दहाची एस.टी. होती. सकाळी मंडळीनं न्याहारीला पाट मांडले, माझा आणि माझ्याशेजारी नातीचा. नात येऊन तिच्या पाटावर बसली आणि माझा पाट मोकळा बघून वाट बघायला लागली. मी उभाच राहिलो. टोपलीतली एक भाकरी उचलली, वर चटणी घेतली, मंडळीला म्हटलं, मेंढरांकडं जातो, पोरीला कुणी वाढू नका, टोपली तिच्या पुढ्यात ठेवा. मंडळी म्हणाली, अहो, ती तुमच्याशिवाय सुरू करत नाही. मी म्हटलं, म्हणूनच चाललोय.

मागून नातीनं एकदा आबा म्हणून हाक मारली. मी वळलो नाही. मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, वाघरीच्या, पलीकडं बांधावर, घराकडं पाठ करून बसलो आणि भाकरी खाल्ली.

तिनं किती खाल्ली ते परत आल्यावर मी टोपलीत डोकावून पाहिलं नाही.